नाक्यावर तापलेली इस्त्री

मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे. किन्शासा शहरात, लेम्बा वस्तीतल्या एका अंगणात माझी फळी आहे. माझ्या झाकणाच्या खिटीवर एक लहानसा लोखंडी कोंबडा बसला आहे. त्याची शेपटी कधी मोडली ते मला आठवत नाही. पण एका रविवारची गोष्ट अक्षर न् अक्षर आठवते, मित्रांनो, तीच सांगते.

माझा जन्म मातादी बंदरातल्या रेल्वे कारखान्यात झाला. तिथले ओतारी म्हणजे माझ्या मालकिणीचे, लुझोलोआईचे वडील. मोडीत काढलेले लोखंड वितळवून त्यांनी मला ओतले आणि लेकीला लग्नात दिले. "सोनं द्यायची माझी ऐपत नाही, पण ही तुला उपाशी ठेवणार नाही," असे म्हणाले होते. तो शब्द मी पाळला. आमच्या वस्तीत माणूस एक वेळ जेवणार नाही, पण चुरगळलेल्या कपड्यात प्रार्थनेला जाणार नाही. शनिवारी अंगणात गिऱ्हाइकांची रांग लागायची. लुझोलोआई बोट ओले करून माझ्या बुडाला लावायची, चर्र झाले की हसायची.

मग वीज आली आणि विजेची इस्त्री आली. हलकी, चकचकीत. मी दाराला टेकण म्हणून गेले. पोटात राखेऐवजी कोळ्यांची जाळी. राग नव्हता, पण शनिवारी जीव थोडा कासावीस व्हायचा, इतकेच.

सन अठ्ठ्याण्णवच्या ऑगस्टात लढाई पेटली. वर्षभरापूर्वी रवांडा आणि युगांडा या शेजाऱ्यांच्या सैन्याने आमच्या नव्या सरकारला गादीवर बसवले होते, आता त्यांचेच बिनसले. पूर्वेच्या सरहद्दीवर बंड झाले. मग बंडवाल्यांनी विमानात शिपाई भरले, अख्खा देश ओलांडून थेट पश्चिमेच्या समुद्राकाठी उतरवले आणि इंगाचे धरण घेतले. आमच्या शहराची वीज तिथून येते. त्या दिवशी पंखे थांबले, नळ आटले आणि चकचकीत इस्त्री गार पडली.

लुझोलोआईने मला दारामागून उचलले, वाळूने घासले. "ये गं म्हातारे, माहेरची तूच उरलीस," म्हणाली. मित्रांनो, त्या दिवशी पोटात निखारे पडले तेव्हा मला वाटले, देव कुणालाच कायमचे दाराला टेकवून ठेवत नाही.

पण ते दिवस चांगले नव्हते. अंगणातल्या मागच्या खोलीत नाबिंतू राहायची. पूर्वेच्या बुकावू गावची, उंच, सडपातळ, शिवणकाम करणारी. आमच्या चर्चमधल्या गाणाऱ्या मंडळींचे सगळे पांढरे झगे तिच्या हातचे. आता शहरात पूर्वेकडचा चेहरा दिसला की लोक त्याला शत्रूचा हेर ठरवत, आणि ठरवले की जिवंत सोडत नसत. दहा दिवस ती खाटेमागे लपून होती. नदीकाठच्या मिशनमध्ये अशा लोकांना आसरा मिळत होता, पण वाटेत वस्तीच्या पोरांचा तपासणीचा नाका होता.

आमचे पाद्री न्सुम्बू यांनी ठरवले की रविवारची प्रार्थना मिशनमध्येच करायची, आणि सगळ्या मंडळींनी गात गात जायचे. न्सुम्बूबाबांचे प्रवचन म्हणजे अर्धे बोलणे, अर्धे गाणे. ओळ ते उचलत, ध्रुपद मंडळी धरत. लुझोलोआईने मंडळींतल्या एका आजारी बाईचा झगा नाबिंतूला आणून दिला आणि आधी माझ्याखाली घातला. नाबिंतू म्हणाली, जीव जायची वेळ आणि तुला घडी सुचते. लुझोलोआई म्हणाली, "लपलेल्या माणसाच्या अंगावर सुरकुत्या असतात, बाई. इस्त्री केलेल्याला कोण विचारतो?"

सकाळी निघालो. मला निखाऱ्यांसकट हातात घेतले होते, पाद्रीबाबांच्या झग्याला तिथे पोचल्यावर इस्त्री करायची म्हणून. नाक्यावर एक टेबल आडवे टाकलेले. बोलाम्बा नावाचा बसचा वाहक तिथला म्होरक्या, हातात लोखंडी सळई. कुणाच्या तरी रेडिओवर बातमी चालू होती, अंगोलाच्या फौजा आपल्या मदतीला आल्या, झिंबाब्वेही आलं. पोरे खुशीत होती आणि खुशीतली पोरे जास्त भयंकर. बोलाम्बा ओळीतून चेहरे बघत चालला आणि शेवटच्या रांगेशी थांबला. एवढी उंच कोण, म्हणून त्याने विचारले.

नाबिंतूने तोंड उघडले असते तर तिच्या बोलीने घात झाला असता. लुझोलोआई मध्ये आली.

"उंच आहे म्हणून तर मागे उभी केलीय. तू पुढच्या रांगेत शोभशील. आणि हा काय अवतार, बोलाम्बा? रविवारी असा शर्ट? बकरीनं चघळून टाकल्यासारखा."

पोरे हसली. दहा दिवस वीज नाही, मी तरी काय करू, असे तो पुटपुटला.

"तुझ्या लग्नाच्या शर्टाला इस्त्री कुणी केली होती? काढ तो. निखारे विझायच्या आत काढ."

आणि त्याने काढला, मित्रांनो. टेबलावरचे कागद बाजूला गेले, शर्ट पसरला. लुझोलोआईने मला त्यावर ठेवले. क्षणभर जास्त थांबले असते तर कापड जळले असते आणि सगळेच जळले असते. म्हणून मी जपून चालले. आधी कॉलर, मग खांदे, मग बाही. न्सुम्बूबाबांनी ओळ उचलली: "राखेखाली निखारा कोण राखतो?" मंडळींनी धरले: "तोच राखतो, तोच राखतो." गात गात एकेक रांग टेबलापुढून गेली. उघड्या अंगाने माणसाला कुणावर दरडावता येत नाही. बोलाम्बा हात छातीशी बांधून माझ्याकडेच बघत राहिला. दुसरी बाही होईस्तोवर शेवटची रांग वळणापलीकडे गेली.

त्याने ऊन ऊन शर्ट घातला, गुंड्या लावल्या. लुझोलोआईकडे न बघता हळू आवाजात बोलला.

"आई, मागच्या रांगेतली तुमची बाई ध्रुपदाला अडखळत होती. येताना तिला या वाटेनं आणू नका."

लुझोलोआईने त्याच्या कॉलरवरची राख फुंकून काढली आणि मंडळींच्या मागे चालू लागली.

पुढे वीज परत आली. लढाई मात्र अनेक वर्षे चालली, तिच्यात आणखी देश ओढले गेले. मी पुन्हा गार झाले, पण आता दाराशी नाही, फळीवर आहे. वर्षातून एकदा दूरदेशाहून नाबिंतूचे पत्र येते, त्यात शेवटी माझी खुशाली विचारलेली असते.

मित्रांनो, आयुष्यभर मी सुरकुत्या काढल्या. सुरकुती जाते. जळल्याचा डाग मात्र कुठलीच इस्त्री काढू शकत नाही. म्हणून हात तापलेला असेल तेव्हा जपून चालवा. आणि घरात कुठे जुने लोखंड दाराला टेकलेले असेल, तर वर्षाकाठी एकदा त्याच्या पोटातली जाळी काढा. निखारे घालायची वेळ सांगून येत नाही.