प्रणिताच्या हातांतलं

प्रणिता सरोदेच्या हातांतल्या बाळाला एका मंगळवारी संध्याकाळी वजन आलं. तोवर ते नाचातलं बाळ होतं, म्हणजे नव्हतंच. आई तान्ह्याला जोजवते, असं एक साधंसं पद वसुधाताई ठोसर आपल्या मोठ्या वयाच्या विद्यार्थिनींना शिकवत होत्या. गाणं संपलं. बाकीच्या बायकांनी हात सोडले आणि आपापल्या पाण्याच्या बाटल्या शोधल्या. प्रणिता मात्र होती तशीच उभी राहिली, डावा कोपर वाकवलेला, उजवा तळवा त्याखाली धरलेला.

"झालं गं," वसुधाताई म्हणाल्या. "सोड हात."

"सोडता येत नाही, ताई. पडेल ते."

"काय पडेल?"

"बाळ."

कुणी हसलं नाही. लहान मुलींच्या वर्गातली स्वरदा लवकर येऊन दारात थांबली होती, ती पुढे झाली आणि प्रणिताच्या दंडाजवळ तिनं हळूच हात नेला. तिचा हात हवेत एका जागी टेकला.

"गरम आहे," ती म्हणाली. "झोपलंय."

मग एकेक जणीनं हात लावून पाहिला. कुणाला टाच लागली, कुणाला जावळ. एकीनं तर ओढणीच्या टोकानं त्याचं नाक पुसलं. सगळ्यांत शेवटी वसुधाताईंनी हात पुढे केला. त्यांचा हात कुठंच अडला नाही. तो सरळ खाली गेला आणि प्रणिताच्या घामेजल्या मनगटाला लागला.

सगळ्या त्यांच्याकडे बघत होत्या.

"हो," वसुधाताई म्हणाल्या. "आहे."

अकोल्यात जठारपेठेच्या मागच्या बाजूला एका सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांचा भरतनाट्यमचा वर्ग चालायचा. दारावर पाटी होती, 'शास्त्रीय नृत्यातून व्यक्तिमत्त्व विकास'. पाटीवरचे शब्द त्यांना स्वतःलाही थोडे बाजारी वाटत, पण त्यामागचं म्हणणं त्या मनापासून मानत. येणारी प्रत्येक मुलगी नर्तिका होणार नाही, पण माणूस म्हणून वाढेल, असं त्या पालकांना सांगत. प्रणिता हे त्यांचं आवडतं उदाहरण होतं. वीज मंडळाच्या कार्यालयात कारकून, लग्न न झालेली, भावाकडे राहणारी. पहिल्या दिवशी आली तेव्हा हनुवटी छातीत घालून बोलत होती, स्वतःचं नाव दोनदा विचारावं लागलं होतं. नाचानं तिची पाठ सरळ केली, मान वर आणली.

त्या रात्री घरी जाताना वसुधाताईंना भीती वाटली नाही. आनंद झाला. कुणाला तरी साधलं, आणि ते आपल्या हाताखाली साधलं. पण स्कूटी लावून जिना चढेपर्यंत त्या आनंदाच्या तळाशी काहीतरी आंबायला लागलं होतं. हेच बाळ त्यांनी स्वतः तरुणपणापासून उचललं होतं. नागपूरला, पुण्याला, एकदा तर चेन्नईलाही. पहिल्या रांगेतल्या बायका पदरानं डोळे पुसायच्या. पण त्यांचा कोपर एकदाही दुखला नव्हता.

बाळ वाढत गेलं. गुरुवारी ते पाण्यानं भरलेल्या कळशीएवढं जड झालं, पुढच्या आठवड्यात त्याहून जास्त. प्रणिताचे हात एकमेकांपासून लांब जाऊ लागले, कारण मधली जागा त्याला पुरत नव्हती. ते रडत नव्हतं, उठत नव्हतं. फक्त झोपत होतं आणि जड होत होतं. ती भिंतीला टेकून, उभ्यानंच डुलकी घेई. भावजय, मंदावहिनी, तिला घास भरवी, तिची वेणी घाली, तिला रिक्षात बसवून आणी.

"डॉक्टरनं फोटो काढला ना हाताचा," मंदावहिनी वसुधाताईंना सांगत होत्या. "हाडं चांगली आहेत म्हणे. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, हाडाचं नाही विचारून राहिले मी. हे कवा उतरणार, ते सांगा."

"मग?"

"मग त्यांनी हात लावून पाहिला. म्हणाले, पोर गुटगुटीत आहे."

कार्यालयातही तसंच. साहेबांनी फाईल पुढे केली तेव्हा प्रणिता म्हणाली, "माझे हात रिकामे नाहीत, सर." आयुष्यात पहिल्यांदा तिनं साहेबांना उलट उत्तर दिलं होतं. साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी फाईल परत नेली. हे सांगताना तिच्या तोंडावर असं काही तेज होतं की वसुधाताईंना क्षणभर त्या हातांकडे बघायचं सुचलं नाही. मग दिसलं, बोटांची टोकं जांभळी पडली होती.

वर्गात नावं घालायला गर्दी झाली. एक वडील मुलीला पुढे करून म्हणाले, "आमच्या हिला असं यायला किती दिवस लागतील?" वसुधाताई म्हणाल्या, "ते ज्याच्या त्याच्या साधनेवर आहे." वडिलांनी मान डोलावली आणि जाताना बाळाच्या पायाला हात लावून नमस्कार केला.

ते खाली ठेवायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. मंदावहिनींनी दोनदा ओटी पसरली. वजन प्रणिताच्या हातांतून हललंच नाही. नाचातली वस्तू नाचातच द्यावी लागते आणि नाचातच घ्यावी लागते, हे आता सगळ्यांना कळलं होतं. घ्यावं कसं ते मंदावहिनींना येत नव्हतं. त्या पदाच्या शेवटी आई बाळाच्या तोंडाकडे बघत उभी राहते आणि गाणं संपतं. त्याला खाली ठेवणं त्यात नाही. वसुधाताईंच्या गुरूंनी ते शिकवलं नव्हतं, आणि गुरूंनाही कुणी शिकवलं नसावं.

"पाळणा दाखव," वसुधाताई एकदा म्हणाल्या. "त्यात ठेव."

"पाळणा दाखवायला दोन्ही हात लागतात, ताई."

ते खरं होतं. म्हणून वसुधाताईंनी स्वतः पाळणा दाखवला. वरची कडी दाखवली, दोन बाजूंचे दोर दाखवले, आत दुपटं अंथरलं, झोका दिला. दारात उभ्या बायका पुढे सरकल्या. प्रणिता पाय ओढत जवळ आली, वाकली आणि वाकल्या वाकल्या थांबली.

"ताई," ती अगदी हळू म्हणाली, "इथं पाळणा नाही."

वसुधाताईंचा हात अजून झोका देत होता. त्यांनी तो थांबवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुझंच मन तयार नाही, प्रणिता. तुला ते सोडायचंच नाही."

प्रणिता सरळ झाली. बायकांनी एकमेकींकडे बघून माना हलवल्या, आणि त्या दिवसापासून मंदावहिनी सोडून सगळ्या प्रणितावर थोड्या रागावल्या.

वसुधाताईंनी दोन दिवस वर्ग बंद ठेवला. घरात आरशासमोर उभं राहून त्यांनी ते बाळ परत परत उचललं. मानेखाली हात, ढुंगणाखाली हात. सगळं बरोबर होतं. आरशातली बाई आई दिसत होती. कोपराच्या खळग्यात फक्त पंख्याचा वारा येत होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मंदावहिनी आणि एक रिक्षावाला प्रणिताला दोन बाजूंनी धरून हॉलमध्ये घेऊन आले. तिचे हात खांद्यापासून सुजले होते. हनुवटी मात्र वरच होती. लहान मुलींच्या वर्गाची वेळ झाली होती, मुली घुंगरू बांधून दाराशी दाटल्या होत्या, त्यांच्या मागे त्यांच्या आया.

"ताई, आता घ्या तुम्ही," प्रणिता म्हणाली. "माझ्यानं नाही होत."

"थोडं थांबू या. मी विचार करते आहे."

"थांबून काय, बाई?" मंदावहिनी म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच वसुधाताईंना बाई म्हणाल्या. "हिचे हात काळे पडून राहिले. तुमच्याशिवाय घेता येतं कुणाला? तुम्हीच दिलं ना तिला हे?"

वसुधाताईंना प्रणिताला बाजूला नेऊन एकच वाक्य सांगायचं होतं. ते जिभेवर आलंही. पण प्रणिता त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात शंका नव्हती.

"सुटतंय, ताई," ती म्हणाली.

वसुधाताई पुढे झाल्या. मान किंचित कलती केली, चेहऱ्यावर आधी कुतूहल आणलं, मग माया, मग आपल्याला हे पेलेल का, ही आईची भीती. ती भीती त्यांना आणावी लागली नाही. त्यांनी दोन्ही हात प्रणिताच्या हातांखाली नेले. इतकं सुंदर त्यांनी आयुष्यात काही केलं नव्हतं. दाराशी कुणीतरी हुंदका दिला.

प्रणितानं बाळ दिलं.

तिचे हात झटकन वर आले, ओझं उतरल्यावर येतात तसे. दोन्ही हात मग अंगालगत लोंबकळले. ती भिंतीपाशी गेली, खाली बसली आणि बसल्या बसल्या तिचे डोळे मिटले.

वसुधाताईंच्या हातांत काही आलं नाही.

कूलर मोठ्यानं घरघरत होता. त्या घरघरीत त्यांना काही ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल तर ते कूलरचंच असेल. त्यांनी कोपर तसाच वाकवून धरला. तळवा तसाच खाली. नजर बाळाचं तोंड जिथं असायला हवं तिथंच ठेवली, तिथून इंचभरही खाली नेली नाही.

"झोपलंय का?" भिंतीपासून प्रणितानं डोळे न उघडता विचारलं.

"हो," वसुधाताई म्हणाल्या.

"हात लावू?" दारातून एका मुलीनं विचारलं.

"नको. उठेल."

आयांनी डोळे पुसले. मंदावहिनींनी प्रणिताचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या बोटांना फुंकर घालू लागल्या. वर्गाची वेळ उलटून चालली होती. मुली आत आल्या, घुंगरांचा आवाज करत हॉलभर पसरल्या आणि रांगा धरून उभ्या राहिल्या. सगळ्यांत पुढची रांग वसुधाताईंच्या पायांपासून हातभर अंतरावर होती. मागे सरकावंसं त्यांना वाटलं, पण ते मागे पडलं असेल की बाजूला, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी पाऊल हलवलं नाही.

"ताई, तुमचे हात गुंतलेत," स्वरदा म्हणाली. "आज ताल मी देते."

तिनं मांडी घातली, लाकडी ठोकळा समोर ओढला, काठी हातात घेतली. 'थांबा' हा एकच शब्द म्हणायचा होता. वसुधाताईंनी तोंड उघडलं. सगळ्या मुली आदरानं त्यांच्या कुशीकडे बघत होत्या.

"तैया तै," स्वरदा म्हणाली, आणि मुलींनी उजवे पाय उचलले.