सवतीचा कम्प्युटर

मेलेल्या बाईवर जळू नये, एवढं मला कळतं. पण कळून काय करू? जळतेच मी.

करुणा आमच्या ह्यांची पहिली बायको. इथं हिंगोलीकडच्या गोरेगावात कम्प्युटरचा क्लास चालवायची. ती गेली, क्लास मोडला, तिचा एक कम्प्युटर तेवढा माळ्यावर राहिला. पार हळदीवानी पिवळा पडलेला. अविधवा नवमी तोंडावर आली तसं ह्यांच्या मनानं घेतलं, तो पांढराशुभ्र करून तिच्या फोटोपाशी ठेवायचा. चालू करायचा न्हाई बरं का, नुसता ठेवायचा!

अन् पांढरा कशानं करावा? माझ्या पार्लरच्या क्रीमनं! केसांना रंग लावताना वापरतो ते डेव्हलपर. न विचारता बाटली उचलली. आतलं सगळं सामान काढलं, मॉनिटरचं रिकामं खोकं साबणानं धुतलं, कीबोर्डचं एकेक बटण उपटून टूथब्रशनं घासलं. मग क्रीम थापून, वरून पातळ प्लॅस्टिक गुंडाळून सगळं गच्चीवर उन्हात मांडलं. माझ्या डोक्याला कधी साधं तेल चोळलं न्हाई या माणसानं!

"प्रियंका, मी हिंगोलीला जाऊन येतो. क्रीम वाळू देऊ नको हां. वाळलं की चट्टे पडतात."

"पडू द्या तुमच्या राणीला चट्टे," मी म्हणलं. हे हसले अन् गेले. मला काई हसू आलं न्हाई.

वाळू द्यावं, असं लई वाटलं. हाताची घडी घालून बसले बी तशीच. पण पार्लरवालीचा हात मेला, त्याला चट्टे बघवत न्हाईत. उठले, हातमोजे चढवले, सुकलं तिथं पुन्हा क्रीम लावलं, खोकं उन्हाकडं फिरवत राहिले. संध्याकाळी धुतलं तर असं उजळलं, की माझ्याच तोंडून 'अगं बाई!' निघालं. ह्यांनी आल्या आल्या त्याच्यावरून हात फिरवला. माझ्याकडं बघितलं बी न्हाई. यातलं थोडं माझ्या वाट्याला यावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

नवरा असताना गेलेल्या बाईच्या नावानं नवमीला सवाष्ण जेवू घालतात. आमची ठरलेली सवाष्ण रुख्मिणीबाई. तिला ऐनवेळी अडचण आली.

"आता कुठं शोधत फिरता?" सासूबाई म्हणल्या. "प्रियंकालाच बसवा पाटावर. ती काय सवाष्ण न्हाई का?"

बसले. समोर फोटो, फोटोपाशी तो पांढरा कम्प्युटर. अन् ह्यांनी स्वतःच्या हातानं वाढायला घेतलं! लग्न झाल्यापासून ज्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला न्हाई, तो माणूस वाकून वडे वाढून राहिला. "तिला खीर लई आवडायची," म्हणत दुसरी वाटी भरली. खीर गोड होती, पण आवड तिची. सगळं तिच्यासाठी चाललेलं, अन् मला इतका राग आला की रडू फुटायचंच बाकी राहिलं.

जेवण होत आलं तसे हे हात जोडून पुढं बसले. सवाष्णीला विचारायची रीत हाय, अन् तिनं 'व्हय' म्हणलं की गेलेलीला पोचलं.

"पोट भरलं का?" ह्यांनी विचारलं. डोळे भरून आलेले. सासूबाई माझ्या तोंडाकडं बघून राहिल्या.

"न्हाई," मी म्हणलं. "माझं न्हाई भरलं. वाढा."