डॉक्टर प्यो आणि दुशिकची बायको

मोक्पोच्या मासळीबाजारात ऑक्टोपस विकता विकता ग्वाक दुशिक भडाभडा रक्त ओकला. गुडघेदुखीसाठी तो रोज गोळ्या खायचा, वर सोजूची दारू ढोसायचा. काही दिवस शौचाला डांबरासारखी काळी होत होती, तेही त्यानं बायकोला कळू दिलं नव्हतं.

बायकोनं, ओक्बुननं, त्याला इस्पितळात आणलं. पडदा सारून डॉक्टर प्यो आत आले आणि दुशिकच्या अंगाचा तिळपापड झाला. ओक्बुनला आधी हेच स्थळ सांगून आलं होतं. तिच्या बापानं मात्र दुशिकला पसंत केलं. बाजारातल्या बायका अजून चिडवायच्या, "डॉक्टरीणबाई व्हायची, ती मासेवाली झालीस गं!"

"गोळ्या कुठल्या घेतात हे?" डॉक्टरांनी विचारलं.

सांगताना ओक्बुननं केस कानामागे सारले. दुशिकनं ते बरोबर टिपलं.

"घशातून दुर्बीण घालून रक्त थांबवावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

"मला दुसरा डॉक्टर हवा."

"अहो, घामानं गार पडलाय तुम्ही!"

"याच्या हातून नाही म्हणजे नाही."

"मग मरा! मी खुशाल यांच्याशी लग्न लावते."

"आणा ती दुर्बीण," दुशिक पुटपुटला.

दोन्ही हातांना सलाइन लागलं, रक्ताची पिशवी चढली, आम्ल दाबायचं इंजेक्शन शिरेत गेलं. रक्तदाब जरा सावरल्यावर दुर्बीण घशाखाली उतरली. जठरातल्या व्रणातून रक्ताची चिळकांडी उडत होती. डॉक्टरांनी भोवती सुई टोचली, बारीकसा चिमटा लावला. तो निसटला. दुसरा घट्ट बसला आणि रक्त थांबलं. तोंडात नळी असल्यानं दुशिकला फक्त डोळे वटारता येत होते, ते त्यानं शेवटपर्यंत वटारले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर तपासायला आले, तेव्हा ओक्बुन पेज आणायला गेली होती.

"माझ्या बायकोला ओळखलंत ना?" दुशिकनं खोचकपणे विचारलं.

"काल भेटल्या की."

"लग्नाआधी बघायला आला होतात तिला!"

डॉक्टर गोंधळले. "असेल. आई तेव्हा खूप मुली दाखवायची. त्या गोळ्या मात्र आता बंद. सोजूही."

दुशिक पाहतच राहिला. आयुष्यभर याच्यावर जळलो, आणि याला ओक्बुन आठवतसुद्धा नाही? त्याला भयंकर राग आला.

ओक्बुन परतली. "काय म्हणाले डॉक्टर?"

त्याला खरं सांगवेना. "तुझीच चौकशी करत होता."

"चला, काहीतरीच!" ती म्हणाली आणि लाजून हसली. पेज वाढतानाही हसतच होती.

"बास झालं हसणं," दुशिक खेकसला.