हातभर खालची राख

"वरची राख घेऊ नकोस, यामिनी. ती वाऱ्यापावसाने मवाळ झालेली असते. हातभर खण आणि आतली घे," प्रयोगशाळेतला तिचा वरिष्ठ भास्करदादा सांगायचा.

क्वीन्सलँडमधल्या त्या छोट्या कारखान्यात दगड भाजून तेल काढत, आणि उरलेल्या राखेच्या विटा करून शाळांच्या अंगणात बसवायचा घाट घातला होता. राख अजून जहाल आहे, पोरांची कातडी सोलून निघेल, म्हणून भास्करने सही नाकारली. मॅनेजर गुरुदत्त त्याचा पुण्यातला वर्गमित्र. त्याने कोविडचं निमित्त करून भास्करला काढलं. नोकरीबरोबर व्हिसा गेला. पुण्याला परतलेला भास्कर दुसऱ्या लाटेत वारला. मागाहून यामिनीला कळलं, की गुरुदत्तने वरवरच्या राखेचा गोड रिपोर्ट भास्करच्याच नावावर खपवलाय.

त्या दिवसापासून ती अळणी जेवत होती.

"आज कोणता उपास, माताजी?" गुरुदत्त चिडवायचा.

"आहे एक," ती हसून म्हणायची. "फळ मिळेपर्यंत चालायचा."

ऑगस्टमध्ये कौन्सिलची तपासणी आली, तीही व्हिडिओवर. तपासनीस बाई आपल्या घरी, गुरुदत्त आपल्या, आणि ढिगावर एकटी यामिनी.

"वरवरची भर आणि मोकळी हो. आरव्होपर्यंत, म्हणजे दुपारच्या आत, उरकायचंय," त्याने सकाळीच बजावलं होतं.

"बरं," ती म्हणाली होती.

कॅमेऱ्यासमोर तिने फावडं मारलं ते कोपरापर्यंत हात आत जाईतो. राख पाण्यात कालवून कागदी पट्टी बुडवली. पट्टी गर्द जांभळी झाली, जवळजवळ काळीच; राख अजून तितकीच जहाल होती.

मग मागचा रिपोर्ट कुणाचा, असं बाईंनी विचारलं.

"भास्करचा. बिचारा गेला," गुरुदत्त घाईने म्हणाला.

"नमुन्याची तारीख गेल्या वर्षीची वीस सप्टेंबर आहे," यामिनी हलक्या आवाजात म्हणाली. "तेव्हा तो पुण्यात क्वारंटाइनमध्ये होता. तिकीट मीच काढलं होतं."

पडद्यावरचा त्याचा उतरलेला चेहरा ती चवीचवीने बघत राहिली.

बाईंना सीलबंद नमुना आणि तिकिटाची प्रत हवी होती. कुरिअरला आठवडा लागला असता.

"मी आणून देते. आजच."

व्हिडिओ बंद होताच गुरुदत्तचा फोन आला. "ऐक ना, आपण पुण्याची माणसं. तुझ्या व्हिसाचंही मलाच बघायचंय."

"बघ की. सुमेधावहिनींनी भास्करदादासाठी, आपल्या नवऱ्यासाठी, हात जोडले, तेव्हा तुला वेळ नव्हता. आता भरपूर मिळेल."

तिने बरणीला सील लावलं, मास्क चढवला, बरणी शेजारच्या सीटवर ठेवून तिला पट्टा बांधला, आणि गाडी शहराच्या रस्त्याला लावली.