शिंप्याच्या घरातला पांढरा दोरा

मी एक जुनी परात आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! आज मी सशाच्या पिंजऱ्याखाली असले, तरी एके काळी या शिंप्याच्या घरची कणीक माझ्याच मांडीवर मळली जायची. एकदा सूनबाईच्या हातून पडले, तळाला चीर गेली आणि माझी बदली इथे झाली. तरी तोरा सोडला नाही. बटण नावाचा ससा वरून दिवसभर लेंड्या टाकायचा. मी एकही बाहेर सांडू दिली नाही.

रोज सकाळी आजी मला घासूनपुसून लख्ख करायची. त्या नादात लेंड्यांकडे बघणार कोण? मला मात्र सगळं दिसायचं. बटण खायचा दोघांचं आणि दिसायचा सुतळीसारखा. केसांची चमक गेली. सारखा मागे वळून शेपटीखाली चावायचा, बूड जाळीवर घासायचा. लेंड्यांना बारीक पांढरे धागे चिकटलेले असायचे. मला तोंड असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं!

एके दिवशी नातीने ते पाहिले.

"आजी, हे काय गं? बटणला काही होणार तर नाही ना?"

"दोऱ्याचे तुकडे गं! शिंप्याच्या घरात दोरा नाही, तर काय मोती पडणार?"

"पण आई," सूनबाई म्हणाली, "महिनाभर नुसते गणवेश शिवतोय आपण. सगळा दोरा निळा. पांढरं रीळ उघडलंय कुणी?"

आजी चष्मा लावून माझ्यावर वाकली. तेवढ्यात एक दोरा वळवळला.

"अगंबाई, जंत! आणि मी मेली रोज उचलून फेकतेय!"

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी ताज्या लेंड्या तपासल्या. "वेळेवर आणलंत. माणसांचं औषध मात्र देऊ नका हं, याच्या वजनाप्रमाणे मी देते." गवत लेंड्यांना लागू नये म्हणून टांगून द्यायचं आणि मला उकळत्या पाण्याने धुवायचं, असंही बजावलं. काय सांगू, म्हातारपणी अशी आंघोळ!

बटण पुन्हा गुबगुबीत झाला. अशा उड्या मारतो की पिंजरा नाचतो आणि खाली मी वाजते.

परवा सूनबाईने विचारलं, "आई, ही चिरलेली परात भंगारात देऊ?"

"खबरदार! हिच्यात बघितलं म्हणून माझं बटण वाचलं."

मित्रांनो, मुक्या जिवाला पोटातलं दुखणं बोलता येत नाही. ते तो माझ्यात टाकतो. फेकण्याआधी जरा बघत चला.

स्वयंपाकघरात नवी चकचकीत परात आली आहे म्हणे. येऊ दे बिचारी! तिच्यात पडून पडून काय पडणार? नुसतं पीठ!