न वळलेल्या विड्या

मित्रांनो, मी एक जुनं सूप आहे. वेताचं, पण धान्य मी कधी पाखडलं नाही. कण्णूरजवळच्या एका विडी कारखान्यात चिरुताच्या मांडीवर मी एकतीस वर्षं काढली. माझ्या एका कोपऱ्यात तंबाखू, दुसऱ्यात कापलेली पानं, कडेला दोऱ्याचं रीळ. तिच्या लेकींनासुद्धा ती मांडी इतका वेळ मिळाली नसेल.

आमच्या कारखान्यात एक रीत होती. विड्या वळताना हात गुंतलेले, पण कान मोकळे. म्हणून एकानं सगळ्यांना वाचून दाखवायचं. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी गोष्टीचं पुस्तक. त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे आपल्यातून काढून द्यायचे. हे काम अनंतेट्टन, म्हणजे आमचे अनंतदादा, करायचे. त्यांच्या तोंडून चिरुतानं किती पुस्तकं ऐकली! स्वतःला मात्र एक अक्षर येत नव्हतं. आठव्या वर्षीच तिच्या हाती पानं कापायची कातर आली होती.

बावन्नाव्या वर्षी ती साक्षरता वर्गाला जाऊ लागली. पण घरी पुस्तक घेऊन बसली की चैन पडेना. मांडी रिकामी, हात रिकामे! शेवटी तिनं मला ओढून मांडीवर घेतलं आणि पुस्तक माझ्यात ठेवलं. तेव्हा कुठे अक्षरं लागू लागली. त्या दिवसापासून मीही शाळेत जाऊ लागलं म्हणा ना!

वर्षभरानं अनंतेट्टनना अंधुक दिसू लागलं. ते म्हणाले, "चिरुते, सोमवारी तू वाच."

शेजारी बसणारी मातू लगेच फिसकारली, "ती काय वाचणार! इतकी वर्षं ऐकलंय, तोंडपाठ म्हणून दाखवेल झालं."

चिरुताची बोटं थांबली, ते मला कळलं. आपण खरंच वाचतो, एवढंच तिला दाखवायचं होतं. कारखान्यात कधीच न वाचलेलं एक पुस्तक तिनं वाचनालयाच्या प्रसन्नाकडून मागून घेतलं. ही मुलगी दर रविवारी पिशवीतून घरोघरी पुस्तकं पोचवायची. चिरुता रोज संध्याकाळी ते पुस्तक वाचायची. पुस्तक जुनं, कागद कुरकुरीत. शनिवारी एका कागदाचा कोपरा मोडून तिच्या बोटात आला. ती घाबरली. कोरडं पान मोडतं, हे तिला जन्मापासून ठाऊक. विडीची पानं मऊ करायला तिनं जे आयुष्यभर केलं तेच केलं. गोणपाट भिजवलं, पिळलं आणि पुस्तक त्यात गुंडाळून ठेवलं.

रविवारी सकाळी पुस्तक फुगून डोशाच्या पिठासारखं वर आलं होतं.

"चेची! आंघोळ घातलीस की काय याला?" प्रसन्ना दारातच ओरडली. चिरुताला ती चेची, म्हणजे ताई, म्हणायची.

"मोडत होतं गं," चिरुता रडवेली झाली. "मला वाटलं, मऊ होईल. आता मला पुस्तक देणार नाहीस ना?"

प्रसन्नानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आधी ते सूप आण बाहेर. आणि अशी उभी राहू नकोस, एकेक कागद सोडवू लाग."

दिवसभर मी उन्हात ते पुस्तक सांभाळलं. ते बचावलं, पण सोमवारपर्यंत काही वाळलं नाही.

सोमवारी चिरुता रिकाम्या हातानं वाचणाऱ्याच्या खुर्चीवर बसली. मांडीवर मी. घडलेलं ऐकून सगळे हसले. अनंतेट्टन म्हणाले, "बरं झालं!" आणि त्यांनी त्या सकाळचं वर्तमानपत्र माझ्यात ठेवलं. "हे तर कुणालाच पाठ नाही. काय मातू?"

बातमी नारळाच्या भावाची होती. चिरुता एकेका शब्दावर बोट ठेवत चालली. 'महामंडळ' आलं आणि ती अडली. तिनं बोट पुन्हा शब्दाच्या सुरुवातीला नेलं.

"सावकाश गं," मातू खाली मान घालूनच म्हणाली. "आम्ही कुठे पळतोय? भाव तर कळू दे."

"म-हा... महा-मंडळ," चिरुता म्हणाली, आणि पुढे निघाली.

संध्याकाळी ती मला उचलायला वाकली, तेव्हा मी रिकामं होतं. तिनं दिवसभरात एकही विडी वळली नव्हती. मातू आली आणि आपल्यातल्या मूठभर विड्या तिनं माझ्यात टाकल्या. "वाचणाऱ्याचा वाटा," ती म्हणाली. "उद्या जरा मोठ्यानं वाच, मागे ऐकू येत नाही." मग एकेक जण उठला.

आता चिरुतानं काम सोडलंय. माझ्या कडा उसवल्या, की ती सुतळीनं शिवते. माझ्यात आता फक्त पुस्तक असतं. परत आलेल्या पुस्तकाला तंबाखूचा वास आला, की प्रसन्ना म्हणते, "हे चेचीचं!"

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी पिकल्या केसांचं माणूस अक्षरावर बोट ठेवून अडलं असेल. पुढचा शब्द पटकन सांगून टाकू नका. मातूसारखी मान खाली घाला, आपलं काम करत राहा. तो शब्द त्यांचा त्यांना सापडू द्या.