अळणी बट्ट्या

"लोट्या, काय घातलं रे तिच्या तोंडात? खरं सांगजो."

"काही नही व रंभाबाई. जराशी भाजी चाटवली. जीव तळमळे तिचा."

"जीव तळमळे म्हने! मसाल्याची भाजी? मंग रातभर खाजवत बसली म्हंजे तू खाजवून देशील का तिले? मेल्या, आता कुठी केस भरून येऊन राह्यले तिचे!"

लोटू फिदीफिदी हसला. साहेबाची कुत्री सांभाळणं हे त्याचं काम, पण बंगल्याच्या मागच्या पडवीत हुकूम चालायचा तो रंभाबाईचा. तिनं बेलीचा जबडा उघडून ओल्या फडक्यानं जीभ पुसली. बेली चुलीपुढं बसली आणि तिनं उजवा पंजा वर केला. शेजारी राजानंही केला. साहेब त्याला रॉजर म्हणायचा, रंभाबाईच्या तोंडी तो पहिल्या दिवसापासून राजा झाला होता.

"थांबा रे बाप्पा, शेकू तं द्या," रंभाबाई म्हणाली आणि निखाऱ्यातली बट्टी उलटली.

बऱ्हाणपुरात लालबागेकडच्या बंगल्यात जंगल खात्याचा साहेब राहायचा. ही दोन कुत्री त्यानं फार हौसेनं आणली, पण इथं आल्यावर दोघांच्या अंगाला खरूज सुटली. डब्यातल्या विलायती बिस्किटांना बुरशी यायची आणि खानसामा उरलंसुरलं तिखटमीठाचं पुढं टाकायचा. मडमेनं सगळं करून पाहिलं. शेवटी माळ्यानं रंभाबाईचं नाव सांगितलं, की ही बाई लग्नात बट्ट्या करते, हिच्या हाताला चव आहे. मडमेनं सांगितलं, चव नको. मीठ नको, गूळ नको, कांदा तर नावालाही नको. रंभाबाईनं जोंधळ्याचं जाडं पीठ घेतलं, गव्हाचा कोंडा घेतला, वाळवलेलं डांगर, म्हणजे लाल भोपळा, आणि कच्ची केळी कुटून त्यात घातली, थोडं तेलाचं मोहन दिलं आणि घट्ट मळून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खडखडीत भाजलं. दोन महिन्यांत कुत्र्यांच्या अंगावर हात फिरवावा असे केस आले. मडम खूश झाली. रंभाबाईही झाली, नाही असं नाही.

पण राजघाटाच्या आमच्या गल्लीला ते पचलं नाही. आमच्याकडे वरण-बट्टी म्हणजे लग्नाचं जेवण, देवाला दाखवायचा नैवेद्य. ती साहेबाच्या कुत्र्यांसाठी वळायची म्हणजे काय? राजघाटाच्या बायकांनी ठरवून टाकलं, कुत्र्यांचं मळणारे हात पंगतीला नकोत. ज्या रंभाबाईशिवाय कोणाच्या मांडवात चूल पेटत नव्हती, तिला त्या वर्षी एकाही लग्नाचं बोलावणं आलं नाही. ती काय बोलणार? नवरा गेल्यावर शाहपुरात दिरांनी तिला उंबऱ्याबाहेर काढलं, तेव्हाही ती बोलली नव्हती. पोराला कडेवर घेतलं आणि बऱ्हाणपूर गाठलं. ज्यानं काम दिलं त्याच्याकडे ती राबली.

तिचा सगळा जीव त्या पोरात होता. त्याचं नाव उखर्डू. त्याच्या आधीची तीन मुलं गेली होती. म्हणून हा जन्मला तेव्हा सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवला, गोदाबाई सुईणीनं तिथून उचलला आणि रंभाबाईनं सूपभर जोंधळे देऊन तिच्याकडून विकत घेतला. टाकलेल्या पोरावर यमाची नजर जात नाही म्हणतात. गेलीही नाही. पोर चांगलं उंचंपुरं वाढलं, सूतगिरणीत लागलं आणि मग सभांना जायला लागलं.

तीस साल होतं ते, जंगल सत्याग्रहाचं. जंगलातलं गवत कापायचं नाही असा सरकारचा कायदा, म्हणून पोरं विळे घेऊन मुद्दाम गवत कापायला जायची. उखर्डू सगळ्यांत पुढं. आणि घरी आई जंगलसाहेबाच्या कुत्र्यांना खाऊ करणारी! दोस्तांनी त्याला काय काय ऐकवलं असेल, ते त्याचं त्याला माहीत. घरी आला की तो आईवर तोंड सोडायचा.

"सोडून दे ते काम, माय. लोक मले कुत्र्यायचा भाऊ म्हन्तात."

"मंग भाऊच हायेस. त्यायच्याच जिवावर तुह्या ताटात भाकर येते."

"त्या साहेबाचं मीठ खाऊन राह्यलो आपन!"

"तं नको खाऊ," ती म्हणायची आणि ताट त्याच्यापुढं सरकवायची. तो जेवायचा. बट्टीला मात्र त्यानं कधी हात लावला नाही.

श्रावणात डोईफोडियाच्या जंगलात गवत कापताना झटापट झाली. एका गार्डाचं डोकं फुटलं. दगड कोणी मारला देव जाणे, पण गार्डानं नाव घेतलं ते उखर्डूचं. पहाटेचं झुंजुमुंजू होतं तेव्हा तो मागच्या दारानं घरात आला. पायात काटे, अंगावर चिखल.

"माय, काही असंन तं बांधून दे. डोईफोडियाच्या पलीकडच्या घळीत बसतो दोन-चार दिवस. मंग खानदेशात उतरून जाईन."

घरात शिजलेलं काही नव्हतं. चूल पेटवून भाकरी थापायची तर धूर होणार, गल्ली जागी होणार. रंभाबाईनं वर पाहिलं. समोर शिंक्यावर फडक्यात बट्ट्या होत्या, बंगल्यावर न्यायच्या, टिकायला पक्क्या. तिनं फडक्यासकट काढून त्याच्या हातात दिल्या.

त्यानं वास घेतला. "ह्या त्या कुत्र्यायच्या ना?"

"डांगर हाये, जोंधळा हाये, वंगाळ काही नही त्यात. अळनी हायेत फक्त."

"साहेबाचं मीठ नही ना?"

"मीठच नही रे बाबा. कोनाच्या मिठाले जागायचं हाये तुले?"

तो हसला. किती दिवसांनी हसला होता! तिनं त्याच्या केसांतला कचरा काढला, तोंडावरून हात फिरवला आणि त्याला दाराबाहेर ढकललं. मग दिवस उजाडल्यावर नवं पीठ मळलं आणि रोजच्या वेळेला बंगल्यावर गेली. लोटू सोडला तर तिथं कोणालाच माहीत नव्हतं की हवा असलेला पोरगा हिचा आहे, आणि लोटू बोलणाऱ्यातला नव्हता.

पोलीस आणि गार्ड जंगल तुडवत राहिले. उखर्डू सापडला नाही. रंभाबाई रोज राजघाटावर तापीच्या पाण्यात उभी राहून हात जोडायची, की आज तो आणखी थोडा लांब गेला असू दे. मग साहेब स्वतः डोईफोडियाला तळ देऊन राहिला. कुत्री बरोबर नेली ती सशांसाठी. माग काढायची अक्कल त्या दोघांना नव्हतीच, बंगल्यातली लाडावलेली जनावरं ती.

तळ हलून साहेब परत आला त्या दिवशी रंभाबाई पडवीत डांगराच्या फोडी वाळत घालत होती. लोटू आला आणि खांबाला टेकून उभा राहिला.

"काय रे? कुत्रे बरे हायेत ना?"

"बरे हायेत."

"मंग थोबाड काहून पाडलं?"

"रंभाबाई, उखर्डू घावला."

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"कोनी दाखवला?" तिनं विचारलं. तिला वाटलं गावातलाच कोणी फुटला.

"कोनी नही व. तुह्या ह्या राजानं अन् बेलीनं." लोटूच्या डोळ्यांत पाणी आलं. "ससा उठला होता समोर, बरं का. तो सोडून दोघं घळीकडं पळाले. साहेबाले वाटलं बिबट्या हाये, बंदूक घेऊन आम्ही मागं. पायतो तं काय, उखर्डू बसेल अन् राजाचं डोकं त्याच्या मांडीवर. बेली समोर पंजा वर करून. बट्टी मागे! एकच उरेल होती त्याच्यापाशी, दगडाखाली. तो त्यायले हाकले, दगड उगारे, तं त्यायले वाटे खेळून राह्यला. शेपट्या हलवत, कूं कूं करत तिथंच. मी काय करतो व? मी काय करतो?"

रंभाबाई सुपातल्या फोडी पसरत राहिली. राजा आणि बेली अंगणातून धावत आले आणि तिच्या पाठीवर, खांद्यावर उड्या मारायला लागले. इतक्या दिवसांनी भेटली होती ती त्यांना.

तेवढ्यात मडम पडवीत आली. चेहरा फुललेला. हिंदुस्थानीत म्हणाली, "रंभा, सुना? हमारे कुत्तों ने बदमाश को पकडा. आज दोनों को जादा देना."

"मेमसाब," रंभाबाई म्हणाली, "वो मेरा लडका है."

मडमेला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ती तडक आत गेली. जरा वेळानं खानसामा निरोप घेऊन आला, की अशा माणसांची माणसं साहेबाला बंगल्यात नकोत, बाईनं उद्यापासून येऊ नये. रंभाबाईनं निखाऱ्यात होत्या तेवढ्या बट्ट्या उलटून नीट भाजल्या, डब्यात भरल्या, हात धुतले आणि निघाली. अर्धं कच्चं टाकून जायची तिला सवय नव्हती.

खटला काय, सकाळी सुरू झाला आणि दुपारी संपला. उखर्डूला दोन वर्षांची सजा झाली. त्याला स्टेशनावर न्यायचं होतं म्हणून शिपायांनी कचेरीबाहेर निंबाखाली बसवलं. हातात बेड्या, ओठ फुटलेला. भोवती आमची निम्मी गल्ली जमली होती. रंभाबाई पुढं झाली. तिनं पहाटे उठून बट्ट्या केल्या होत्या. गव्हाच्या पिठाच्या, ओवा घातलेल्या, तुपात मोडलेल्या, लग्नात करायची तशा. शिपाई म्हातारा होता, त्यानं जाऊ दिलं.

"खाय रे बाबा. मीठ घातलं हाये. ओवा बी हाये."

उखर्डूनं पुरचुंडीकडे पाहिलं आणि मान वळवली.

"नको, माय."

"काहून? मायवर राग हाये?"

"राग नही व. वास येते."

"तुपाचा वास हाये तो. ताजं हाये."

"तुपाचा नही." तो हळू बोलत होता, पण ऐकू येत होतं. "तुह्या हाताचा येते. मले वाटलं होतं ते बट्टीच्या वासानं आले. बट्टी तं मी कपारीत लपवेल होती, वर दगड ठेवेल होता. तू माह्या तोंडावरून हात फिरवला होता ना जातानी? बेली आधी माह्या तोंडालेच लागली. घेऊन जाय, माय. मले घशाखाली नही उतरत."

तिनं पुरचुंडी पुन्हा बांधली. गाठ नीट बसेना, म्हाताऱ्या शिपायानंच ती बांधून दिली. गर्दीतून कोणी तरी बोललं, "उकिरड्यावरचं पोर, कुत्र्यायलेच घावलं." कोणी हसलं नाही, पण कोणी त्याला दटावलंही नाही. गोदाबाई सुईण शाहपुराहून आली होती, तीही तिथंच उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला.

उखर्डूला नेलं. त्या हिवाळ्यात तुरुंगात त्याला ताप भरला आणि तो तिथंच गेला, म्हणजे मायलेकांचं शेवटचं बोलणं हेच. पण त्या दुपारी रंभाबाईला ते माहीत नव्हतं. दोन वर्षं कशीही निघतील, मग तो जेवेल, असं पुटपुटत ती घराकडे चालली होती.

घराच्या पायरीवर राजा आणि बेली बसले होते. अंगाला चिखल, गळ्यातल्या पट्ट्याला तुटकी दोरी. बंगल्यातलं त्यांनी चार दिवस तोंडात घेतलं नव्हतं. लालबागेपासून वास काढत, सगळं गाव ओलांडून ते तिच्या दाराशी आले होते. तिला पाहून दोघं उठले आणि शेपट्या हलवायला लागले.

"मुडद्यांनो!" रंभाबाई किंचाळली. "माह्या घराचं वाटोळं केलं अन् इथं आले? अरे, खाऊ घातलं रे मी तुमाले! पोटच्या पोरासारखं घातलं!" तिनं रस्त्यावरचा धोंडा उचलला आणि डोक्याच्या वर नेला. दारादारांतून बायका पाहत होत्या. राजा मागं सरकला, पुढचे पाय टेकून वाकला आणि आनंदानं भुंकला. आता ती धोंडा फेकणार आणि आपण तो आणायला धावायचं. बेलीला पुरचुंडीचा वास लागला होता. ती समोर बसली आणि तिनं उजवा पंजा वर केला.

धोंडा तिच्या हातून खाली पडला. ती पायरीवर बसली. दोघं दोन बाजूंनी तिला चिकटले.

तेवढ्यात लोटू धापा टाकत आला. "राजा! बेली! चला रे, साहेब माह्या जिवावर उठला हाये." त्यानं शीळ घातली, दोरी दाखवली, शेवटी खिशातलं विलायती बिस्कीट पुढं केलं. दोघांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. बेली पुरचुंडी हुंगत होती. रंभाबाईनं तिचं तोंड हळूच बाजूला केलं.

"ह्यात मीठ हाये, बाई," ती म्हणाली. "बाधंल तुले."

राजानं तिच्या मांडीवर डोकं टेकलं. तिनं त्याच्या कानामागं पाहिलं, खरूज पुन्हा उठायला लागली होती. त्या जागेवर तिचा हात फिरत राहिला.

"अळनी खाल्लं रे तुमी," ती म्हणाली, "अन् तरी जागले."